बँडमधला माणूस एकटा निघतो तेव्हा: सिंथ-पॉप कलाकाराचा सोलो अल्बम ऐकायचा कसा आणि त्यावरची मतं तोलायची कशी

सिंथ-पॉप, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर रचलेलं पॉप. अशा बँडमधल्या एखाद्या कलाकाराचा सोलो अल्बम आला की तीन मतं हमखास कानावर पडतात. एक म्हणतो, "हे तर बँडसारखंच आहे, मग वेगळं काढलं कशाला?" दुसरा म्हणतो, "बँडसारखं काहीच नाही यात, मजा नाही आली." तिसरा म्हणतो, "पहिल्यांदा काहीच वाटलं नव्हतं, आता सोडवत नाही." तिघं एकाच अल्बमबद्दल बोलत असतात आणि गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असतात. पंचाईत होते ती नव्या माणसाची.

मी बरीच वर्षं असे अल्बम ऐकतो आणि त्यांच्यावरची मतंही तितक्याच चवीनं वाचतो. त्यातून हाती लागलेली गोष्ट एकच. सोलो अल्बमवरचं मत हे निम्मं अल्बमबद्दल असतं आणि निम्मं मत देणाऱ्याच्या अपेक्षेबद्दल. ही दोन निम्मी वेगळी काढता आली की परस्परविरोधी मतंही कामाची ठरतात. ती कशी काढायची आणि मग आपलं स्वतःचं मत कसं बनवायचं, ते इथे पायरीपायरीनं सांगतो.

उदाहरणासाठी एक अल्बम हाताशी घेऊ: विन्स क्लार्कचा 'साँग्ज ऑफ सायलेन्स'. म्यूट या लेबलनं तो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी काढला. चाळीसेक वर्षं ठेका धरायला लावणारी पॉप गाणी रचणाऱ्या माणसाचा हा पहिला सोलो अल्बम, आणि त्यात नेहमीच्या अर्थानं पॉप गाणं एकही नाही. मतं फाटायला याहून चांगलं निमित्त कुठून आणणार?

पायरी १: बँडमध्ये त्याच्याकडे काम काय होतं, ते आधी शोधा

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण बहुतेक जण टाळतात. बँडचं नाव एक असलं तरी आत कामांची वाटणी असते. गाणी कोण लिहितं, गातं कोण, यंत्रांवर कोण बसतं, सगळं जुळवून आकाराला कोण आणतं. सोलो अल्बममध्ये यातलं एखादं काम तरी अनाथ होतं किंवा पहिल्यांदाच त्या कलाकाराच्या अंगावर पडतं. ऐकणाऱ्याला जे "काहीतरी कमी आहे" असं वाटतं, ते पुष्कळदा हेच अनाथ झालेलं काम असतं.

क्लार्कचंच बघा. इंग्लंडमधल्या बॅझिल्डन गावच्या डेपेश मोड या बँडच्या संस्थापकांपैकी तो एक. १९८१ साली आलेल्या त्यांच्या 'स्पीक अँड स्पेल' या पहिल्या अल्बममधल्या अकरापैकी नऊ रचना त्याच्या, 'जस्ट कान्ट गेट इनफ' धरून. पण गायचा डेव्ह गान. त्याच वर्षाअखेर क्लार्क बँडमधून बाहेर पडला आणि ॲलिसन मॉयेटबरोबर याझू हा बँड काढला. गायची मॉयेट. मग 'द असेंब्ली' या नावाखाली १९८३ मध्ये एक सिंगल आलं, ते गायलं फर्गल शार्कीनं. १९८५ पासून इरेजर ही जोडी, तिथे आवाज अँडी बेलचा. म्हणजे हा माणूस आयुष्यभर गाणी रचत आला, पण ती दुसऱ्याच्या गळ्यातून बाहेर काढत आला. असा माणूस एकटा बसल्यावर जवळजवळ शब्दांविनाच बोलला तर त्यात नवल नाही. "यात गाणीच नाहीत" ही तक्रार करण्याआधी एवढं माहीत असलं म्हणजे तक्रार मागे घ्यावी लागते असं नाही, पण तिची धार जरा बोथट होते.

याच्या उलट उदाहरणही त्याच घराण्यातलं आहे. २००३ साली डेपेश मोडच्या दोघांचे सोलो अल्बम काही आठवड्यांच्या अंतरानं आले. बँडची बहुतेक गाणी लिहिणाऱ्या मार्टिन गोरनं काढला 'काउंटरफिट २', ज्यात सगळी गाणी इतरांची. आणि तोवर बँडसाठी फक्त गाणाऱ्या डेव्ह गाननं काढला 'पेपर मॉन्स्टर्स', ज्यातली गाणी त्यानं नॉक्स चँडलरबरोबर स्वतः रचलेली. लेखकानं गायकाचं काम केलं, गायकानं लेखकाचं! हे ठाऊक नसलेला श्रोता पहिल्या अल्बमवर "नवं काही नाही" म्हणेल आणि दुसऱ्यावर "हा एवढं गिटार का वाजवून घेतोय" म्हणेल. ठाऊक असलेला श्रोता निदान हे तरी ओळखेल की दोघंही बँडमध्ये जे करायला मिळत नव्हतं तेच करत होते.

एका ओळीत लिहून ठेवा: "बँडमध्ये याचं काम अमुक. इथे ते आहे की नाही, आणि नवं काय अंगावर घेतलंय." पुढे हीच ओळ कामाला येते.

पायरी २: पहिलं ऐकणं कोरं ठेवा

मतं वाचायची ती नंतर. "तिसरा ट्रॅक कंटाळवाणा आहे" हे वाक्य एकदा डोळ्याखालून गेलं की तिसरा ट्रॅक कंटाळवाणाच लागतो, हा माझा पक्का अनुभव आहे.

ॲपमधलं शफल बंद करा. एका ट्रॅकमध्ये दुसरा मिसळणारी क्रॉसफेडची सोय चालू असेल तर तीही बंद करा, कारण अल्बमच्या दोन ट्रॅकांमधली शांतता कुणीतरी मोजून ठेवलेली असते. अल्बम संपल्यावर ॲप आपल्या मनानं 'यासारखंच आणखी' वाजवू लागतं, तेही थांबवा. आणि डिलक्स आवृत्ती ऐकत असाल तर मूळ अल्बम कुठे संपतो ते आधी बघा. त्यापुढची रीमिक्स आणि उरलीसुरली गाणी पहिल्या ऐकण्यात घेऊ नका. "शेवटी शेवटी फार रेंगाळतो" असं मत काही वेळा चुकून या पुरवणीवरच पडलेलं असतं.

फोनच्या स्पीकरवर इलेक्ट्रॉनिक अल्बम ऐकून मत देणं म्हणजे चित्राची खालची पट्टी कापून चित्र बघणं. त्या छोट्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर येत नाही, आणि किक ड्रमचा ठोसा तर ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. महागडे हेडफोन लागतात असं मात्र अजिबात नाही. साधे इयरफोन कानात नीट घट्ट बसले तरी पुरे. सैल बसले की सगळ्यात आधी बेस गळतो आणि मग "प्रॉडक्शन पातळ आहे" असं वाटायला लागतं. बेस बूस्ट वगैरे बटणं पहिल्या ऐकण्यात बंदच ठेवा.

आणखी एक फसगत आवाजाच्या पातळीची. तेच संगीत जरा मोठ्यानं वाजलं की जास्त चांगलं वाटतं. ही कानाची खोड आहे. बँडचा जुना अल्बम आणि नवा सोलो अल्बम लागोपाठ ऐकून तुलना करणार असाल तर दोन्ही एकाच पातळीवर आणा. ऐंशीच्या दशकातल्या मूळ सीडी आजच्या रेकॉर्डिंगपेक्षा बऱ्याच हळू वाजतात. ॲपमध्ये सगळ्यांचा आवाज समान ठेवण्याची सोय असते, ती तुलनेपुरती चालू करा.

पहिल्या ऐकण्यात काही लिहायचं नाही. फक्त संपल्यावर कोणता ट्रॅक आठवतोय ते बघायचं. एकही आठवत नसेल तर तसंच असू द्या.

पायरी ३: शब्दांमागचा आवाज शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. श्रोत्यांच्या मतांमध्ये तेच दहा-बारा शब्द फिरून फिरून येतात: थंड, यांत्रिक, पातळ, गर्दीचा, एकसुरी, डेमोसारखा (म्हणजे कच्च्या ध्वनिमुद्रणासारखा), पार्श्वसंगीतासारखा, हुक (कानात अडकून राहणारी ओळ) नसलेला. प्रत्येक शब्द खरंतर कानाला ऐकू येणाऱ्या एखाद्या ठोस गोष्टीचं टोपणनाव आहे. ती गोष्ट शोधता आली की मत पटो वा न पटो, समजतं तरी.

त्याआधी पाच-सहा संज्ञा माहीत करून घ्या, एवढ्यावर भागतं. किक म्हणजे ठेक्याचा खालचा ठोका. बेसलाइन म्हणजे त्याच्यासोबत खाली चालणारी सुरांची ओळ. पॅड म्हणजे मागे पसरून राहणारा लांबलचक स्वर, धुक्यासारखा. आर्पेजिओ म्हणजे एकेक सूर पायऱ्या चढल्या-उतरल्यासारखा वाजत राहणं. फिल्टर म्हणजे आवाजातला वरचा किंवा खालचा भाग हळूहळू झाकणं किंवा उघडणं. दार लोटून घेतल्यावर आतलं गाणं जसं दबतं आणि उघडल्यावर जसं स्वच्छ होतं, तसं. रिव्हर्ब म्हणजे खोलीचा घुमारा.

आता शब्दांकडे येऊ.

*पातळ.* एका वेळी कमी सूर वाजत असले की असं वाटतं. पण क्लार्कची ही ओळखच आहे. तो कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा, गठ्ठा मांडण्यापेक्षा एकेका सुराच्या अनेक ओळी एकमेकींत गुंफतो. 'स्पीक अँड स्पेल' ऐका, प्रत्येक ओळ वेगळी मोजता येते. त्यामुळे "पातळ" वाचलं की विचारा: बेसच नाही, की गठ्ठा नाही? पहिलं असेल तर आधी इयरफोन तपासा.

*थंड* आणि *यांत्रिक* हे शब्द लोक एकाच अर्थानं वापरतात, पण कारणं दोन असतात. एक कारण वेळेचं: प्रत्येक सूर काटेकोर जागेवर पडतो, माणसाच्या हाताची किंचित मागेपुढे होणारी चाल नसते. दुसरं कारण गळ्याचं: गायक मुद्दाम सपाट गातो किंवा आवाज यंत्रातून काढलेला असतो. पण "यंत्र लावलं की भावना गेली" हे समीकरण मला कधीच पटलेलं नाही. इमोजेन हीप आधी फ्रू फ्रू या जोडीत होती. तिच्या २००५ सालच्या 'स्पीक फॉर युअरसेल्फ' या सोलो अल्बममध्ये 'हाइड अँड सीक' नावाचं गाणं आहे. त्यात ढोल नाही, बेस नाही. फक्त तिचा आवाज हार्मोनायझर या यंत्रातून जाऊन अनेक आवाज होतो. याहून यांत्रिक रचना शोधून सापडायची नाही, आणि तरीही ते ऐकून गलबलून आलेले किती लोक मी पाहिलेत! तेव्हा "थंड" असं कुणी म्हटलं तर वेळ थंड आहे की गळा, एवढं बघा.

*डेमोसारखा.* बहुतेक वेळा याचा अर्थ घुमारा कमी आहे. रेडिओहेड या बँडचा गायक थॉम यॉर्क याचा 'द इरेजर' हा २००६ सालचा सोलो अल्बम (क्लार्कच्या इरेजरशी याचा संबंध नाही) या दृष्टीनं ऐकण्यासारखा आहे. निर्माता तोच, रेडिओहेडच्या अल्बमांचा नायजेल गॉड्रिच, पण आवाज कोरडा आणि अगदी कानाशी, मागे कॉम्प्युटरवर रचलेले छोटे छोटे ठेके. पाच जणांच्या बँडचा विस्तार अपेक्षित असलेल्याला हे अर्धवट वाटतं. ज्याला गाणारा माणूस समोर बसलेला हवा, त्याला हेच आवडतं. आवाज तोच, नावं दोन. मी स्वतः दुसऱ्या गटातला, हे आधीच सांगून टाकतो.

*गर्दीचा* म्हटलं की फारसं शोधावं लागत नाही. थर जास्त झालेत. हेडफोन लावून एकाच वाद्याचा माग शेवटपर्यंत काढून बघा. मध्येच हरवलं तर गर्दी आहे.

आणि *एकसुरी*. 'साँग्ज ऑफ सायलेन्स'च्या बाबतीत हा शब्द अक्षरशः खरा आहे, आणि इथेच खरी मौज आहे. क्लार्कनं स्वतःला दोन नियम घालून घेतले होते. सगळे आवाज युरोरॅक या प्रकारच्या मॉड्युलर सिंथेसायझरमधूनच काढायचे, म्हणजे तारांनी एकमेकांना जोडलेल्या सुट्या पेट्यांमधून. आणि प्रत्येक रचना एकाच सुरावर उभी करायची, तो सूर अखेरपर्यंत धरून ठेवायचा. लॉकडाउनच्या दिवसांत हे यंत्र शिकता शिकता त्यानं या रचना केल्या. पॉप गाण्यात आपण नकळत कॉर्ड बदलण्याची वाट बघत असतो: कडवं संपलं, आता वर उचललं जाईल, मग ध्रुवपद. इथे ते येतच नाही. वाट बघत बसलेला माणूस चौथ्या मिनिटाला वैतागतो.

आपल्या कानांना खरं म्हणजे हे सोपं जायला हवं. तानपुऱ्यावर वाढलेले कान आपले! तानपुरा वाजत असताना "सूर कधी बदलणार" असं कुणी विचारत नाही. सूर स्थिर असतो तेव्हा कान आपोआप पोताकडे वळतो: स्वर जाड होतोय का, त्यात खरखर येतेय का, वरचा भाग उघडतोय का. 'साँग्ज ऑफ सायलेन्स'मधल्या कुठल्याही ट्रॅकवर दुसऱ्या ऐकण्यात हाच प्रयोग करा. पहिल्या मिनिटाचा आवाज आणि शेवटच्या मिनिटाचा आवाज लागोपाठ लावून बघा. सूर तोच सापडेल, पण दोन वेगळ्या खोल्यांत गेल्यासारखं वाटेल. हे ऐकू आल्यानंतरही कंटाळा आला तर तो कंटाळा तुमचा हक्काचा, कुणी हरकत घेऊ शकत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ऐकण्यात एकेक दिवस तरी जाऊ द्या. आता वही घ्या. ट्रॅक, मिनिट-सेकंद आणि काय घडलं ते, एवढंच. "सुंदर" लिहायचं नाही. "अमुक मिनिटाला किक थांबतो, फक्त पॅड उरतो" असं लिहायचं.

पायरी ४: आता मतं वाचा, आणि बोलणारा कुठून आला ते ओळखा

सोलो अल्बमकडे लोक वेगवेगळ्या दारांनी येतात.

सगळ्यात मोठं दार जुन्या चाहत्यांचं. हे लोक बँडच्या एका ठरावीक काळात अडकलेले असतात, आणि मी हे प्रेमानंच म्हणतो, कारण मीही त्यातलाच. त्यांच्या बोलण्यात "पुन्हा", "अजूनही", "पूर्वीसारखं" हे शब्द सापडतात. त्यांच्या मतातून तुम्हाला अल्बम बँडपासून किती दूर गेलाय हे अगदी अचूक कळतं. तो चांगला आहे की नाही, हे मात्र कळेलच असं नाही.

दुसऱ्या दारानं त्या प्रकाराचे जाणकार येतात. क्लार्कचा अल्बम ॲम्बियंट, म्हणजे ठेक्याऐवजी वातावरण उभं करणाऱ्या, संगीताच्या जवळ जातो, आणि ॲम्बियंट ऐकणाऱ्यांच्या घरात ब्रायन ईनोचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' १९७८ पासून पडून आहे. पॉपच्या दारानं आलेल्याला जे धाडसी वाटतं, ते यांच्या दृष्टीनं ४५ वर्षं जुनं असतं. "बरं आहे, पण यात नवीन काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते अन्याय करत नाहीत. त्यांची मोजपट्टी वेगळी आहे. उलट त्यांनी एखाद्या अल्बमला मनापासून दाद दिली तर मी कान टवकारतो, कारण त्यांना जुन्या बँडचा लळा नसतो.

तिसरे येतात ते यंत्रांसाठी. कुठला सिंथ, कुठलं मॉड्युल, मिक्स कसं केलंय. तांत्रिक तपशील यांच्याकडूनच घ्यावा. पण सगळं मत यंत्रावरच संपत असेल तर गाणं त्यांनी ऐकलंय का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

आणि थोडेसे असे, ज्यांना बँड माहीतच नाही. रात्री कुठेतरी एक ट्रॅक लागला, आवडला, नाव बघितलं. नव्या माणसासाठी यांची मतं सोन्यासारखी, कारण तुम्हीही त्यांच्याच जागी उभे आहात. ती सापडतात कमी, आणि लिहिलेली असतात अगदी दोन ओळींत.

ब्योर्कच्या उदाहरणावर हे दारांचं गणित करून बघा. शुगरक्यूब्ज हा तिचा गिटारवाला बँड. तो संपल्यावर १९९३ मध्ये 'डेब्यू' आला, नृत्यसंगीताकडे झुकलेला. गिटारच्या दारानं आलेला आणि डान्स फ्लोअरच्या दारानं आलेला, दोघांनी एकच अल्बम ऐकून काय म्हटलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. जाता जाता: नाव 'डेब्यू' असलं तरी तो तिचा अगदी पहिला अल्बम नव्हता. १९७७ मध्ये, शाळकरी वयात, तिचा एक अल्बम आइसलँडमध्ये निघाला होता.

दार ओळखलं की एकच प्रश्न विचारायचा: हा माणूस एखाद्या ट्रॅकचं नाव घेऊन, अमुक ठिकाणी अमुक होतं असं सांगतोय का? सांगत असेल तर त्याचं मत विरुद्ध असलं तरी जपून ठेवा. "मास्टरपीस" आणि "कचरा" ही दोन्ही मतं सरळ पुढे ढकला.

पायरी ५: आकड्यांवर फार वेळ घालवू नका

दहा जणांनी दहापैकी गुण दिले. पाच जणांनी ९ दिले, पाच जणांनी ३. सरासरी आली ६. म्हणजे "ठीकठाक" अल्बम. पण ६ गुण एकानंही दिलेले नाहीत! नेहमीची वाट सोडलेल्या सोलो अल्बमचं असंच होतं, म्हणून सरासरीपेक्षा गुण कसे विखुरलेत ते बघा. दोन टोकांना ढीग दिसले तर अल्बम नक्की ऐका. सगळे मधोमध गोळा झाले असतील तर माझी फारशी घाई नसते.

तारीखही बघा. पहिल्या आठवड्यातली मतं बहुतेक निष्ठावंतांची आणि रागावलेल्या निष्ठावंतांची असतात.

पायरी ६: स्वतःचं मत लिहा

लिहिल्याशिवाय मत पक्कं होत नाही. लांबलचक लिहू नका, दीडशे शब्द भरपूर झाले. त्यात आपलं दार आधी सांगा ("मी इरेजर ऐकत आलोय" किंवा "हे नाव मला नवीन होतं"), किती वेळा आणि कशावर ऐकलं ते सांगा, मग दोन ट्रॅकांबद्दल ठोस लिहा, एक जमलेला आणि एक न जमलेला. "त्यानं असं करायला हवं होतं" हे वाक्य शक्यतो टाळा. आपण ऐकतोय तो अल्बम त्यानं केलेला आहे, आपल्या मनातला नाही.

कच्चं मत असं असतं: "विन्स क्लार्ककडून ही अपेक्षा नव्हती. बोरिंग. गाणी कुठे आहेत?"

आणि हे माझ्या वहीतलं, फार चांगलं नसलं तरी कुणाला उपयोगी पडेल असं: "इरेजरच्या गाण्यांवर वाढलो, म्हणून पहिल्या ऐकण्यात अँडी बेलच्या आवाजाची वाट बघत राहिलो. चार वेळा ऐकला, तिन्हीसांजेनंतर, हेडफोनवर. माणूस जिथे यंत्रात शिरतो तिथे अल्बम मला पकडतो. 'द लॅमेंटेशन्स ऑफ जेरेमाया'मध्ये रीड हेजचा चेलो येतो, आणि मागचा न हलणारा सूर एकदम जमिनीसारखा वाटू लागतो, ज्यावर चेलो पाय रोवून उभा आहे. 'ब्लॅकलेग'मध्ये संप फोडणाऱ्या कामगाराला शिव्याशाप देणारं इंग्लंडच्या खाणकामगारांचं जुनं लोकगीत आहे. तो मानवी गळा यंत्राच्या घोंगावण्यात सापडल्यावर अंगावर काटा येतो. जिथे असा सोबती नाही, तिथले एक-दोन ट्रॅक मला दृश्य हरवलेल्या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखे वाटले. शांत बसून ऐकायला वेळ असेल तरच ऐका. काम करता करता लावला तर वायाच जाईल."

यात माझं दार कळतं, कुठे आवडलं आणि कुठे नाही तेही कळतं. ज्याला पार्श्वसंगीत आवडतं, तो माझी तक्रार वाचून नेमका तोच ट्रॅक लावेल, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

लिहिलेल्याखाली तारीख टाका. मार्टिन गोरच्या 'एमजी' या अल्बमवर, २०१५ सालच्या, सोळा शब्दहीन रचनांच्या, मी पहिल्यांदा लिहिलं होतं: "गायक यायचा राहिलाय." काही वर्षांनी क्लार्कचा अल्बम पचवून झाल्यावर तो पुन्हा लावला, तेव्हा तीच जागा मोकळी नाही तर हवेशीर वाटली. दोन्ही नोंदी ठेवल्यात, दोन्हीखाली तारखा आहेत.

पायरी ७: परत बँडकडे जा

ही पायरी फारसं कुणी सांगत नाही. कलाकार एकटा जाऊन परत येतो तेव्हा हात हलवत येत नाही. 'पेपर मॉन्स्टर्स'नंतर डेपेश मोडचा पुढचा अल्बम आला २००५ मध्ये, 'प्लेइंग द एंजल'. तोवर बँडच्या अल्बमवर गानचं लेखन नव्हतं. या वेळी त्याच्या लेखणीची तीन गाणी आत आली: 'सफर वेल', 'आय वॉन्ट इट ऑल' आणि 'नथिंग्ज इम्पॉसिबल'. ज्यांनी सोलो अल्बमला "हौस" म्हणून बाजूला सारलं होतं, त्यांच्या हाती ही तीन गाणी त्यांच्याच लाडक्या बँडच्या नावानं पडली.

तेव्हा सुरुवात करायचीच असेल तर एक संध्याकाळ काढा आणि या क्रमानं ऐका: आधी 'पेपर मॉन्स्टर्स', मग 'प्लेइंग द एंजल' पहिल्या ट्रॅकपासून. कुठलं गाणं कुणी लिहिलंय ते आधी बघू नका. मी वर नावं सांगून थोडा घोळ घातलाच आहे, पण आठवड्याभरात विसराल. गानचं पहिलं गाणं आलं की ते ओळखू येतं का बघा, आणि कशावरून ओळखलं ते वहीत लिहा, मिनिट-सेकंदासह.